मडक्यातला गोटा

आमचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, सळई, पाइप, रंग, खिळे, बिजागऱ्या. लग्न होऊन आले तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते, म्हणजे एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर सिमेंटची किती पोती उतरली त्याचा हिशेब चोपड्यांत सापडेल, पण मी स्वतः एकही पोतं जागचं हलवलं नव्हतं. माझं काम मोजायचं. आमचे हमाल तात्या पोतं टाकणार, मी रेघ मारणार. चार उभ्या, पाचवी आडवी.

मागच्या जूनमध्ये एका दुपारी एकदम झाकोळून आलं. बाहेर फळीवर पाच पोती होती. तात्या जेवायला गेलेले, हे बँकेत. म्हटलं, पन्नास किलोचं पोतं, त्यात काय एवढं! वाकून दोन कोपरे धरले आणि ओढलं. पोतं आलं नाही, मीच त्याच्याकडे गेले. मग बसून ढकललं, पाय लावून ढकललं. शेवटी ताडपत्री टाकली आणि ती उडू नये म्हणून वर बसून राहिले. तात्या आले. साठीला टेकलेला माणूस, वजनाला माझ्यापेक्षा कमीच भरेल. मी ताडपत्रीची घडी घालेपर्यंत पाचही पोती आत गेली होती.

ते माझ्या डोक्यात राहिलं. लाज वाटली असं नाही, पण जी वस्तू मी रोज विकते ती काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलाच्या मोबाइलवर ताकदीच्या एका स्पर्धेचा व्हिडिओ पाहिला. 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' म्हणतात, १९७७ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. डोंगराएवढे बाप्ये सिमेंटचे गोल गोटे पोटाशी धरून उंच ओट्यांवर ठेवत होते. मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. मी गोट्याकडे बघत होते. काँक्रीटच की! वाळू, खडी, सिमेंट. हे सगळं आपल्या गोदामात आहे.

तशी ताकदीची ओळख मला माहेरची. वडील तालमीत जायचे. लहानपणी दुधाची चरवी घेऊन मी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायची, आत नाही. उंबऱ्यावरून लाल माती दिसायची, कोपऱ्यात फिरवायचे लाकडी मुदगल आणि करेल दिसायचे, आणि मधोमध मूठ असलेली दगडी नाल. कराडच्या पोरांना वेगळं सांगायला नको, खाशाबा जाधव इथल्याच गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणलं. पण ते सगळं उंबऱ्याच्या आतलं. दुकानाच्या गोदामाला असा उंबरा नाही, शटर आहे, आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते.

सुरुवात बादल्यांपासून केली. डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या, त्यांत वाळू, आणि दोन्ही हातांत धरून गोदामाच्या या टोकापासून त्या टोकाला चालायचं. याला 'फार्मर्स वॉक' म्हणतात. शेतकऱ्याचं चालणं! आमच्याकडे पाणी भरणाऱ्या बायकांनी हे जन्मभर केलं, त्याला कुणी नाव दिलं नाही. असो. कडीची तार बोटांत रुतायची म्हणून तिच्यावर पाइपचा तुकडा चढवला. तिसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत एका बादलीचा कान तुटला आणि वाळू थेट वॉश बेसिनच्या खोक्यांत. ती झाडून काढण्यात जो व्यायाम झाला तो वेगळा.

मग डोकं चालवलं. सळईचं वजन काढायला आम्ही दुकानदार काटा वापरत नाही, सूत्र वापरतो: जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. २५ एमएमची सळई घ्या. ६२५ भागिले १६२, मीटरला ३.८६ किलो. पाच फुटी तुकडा झाला ५.८८ किलोचा. गिऱ्हाइकांच्या कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग मागे पडलेला होताच. बाइंडिंग वायरनं तीन-तीन तुकड्यांच्या मोळ्या बांधल्या आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून वर पाइपच्या मुठी मारून घेतल्या. त्यानं विचारलं, "वैनी, कशाला?" मी म्हटलं, "गेटला." आता एका हाताला सहा तुकडे असतात, पस्तीस किलोच्या वर. जड झालं की आणखी एक तुकडा खोचायचा. जिममध्ये लोखंडाच्या चकत्या विकत घेतात म्हणे. माझं लोखंड भाव वाढला की विकताही येतं.

मोळी घेऊन बावीस मीटर चालताना एक गोष्ट कळली. आधी दम लागत नाही, आधी मूठ सुटते. पाय म्हणतात चला, श्वास म्हणतो चला, आणि करंगळी हळूच उघडते. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी पोळ्या लाटताना लाटणं हातात राहायचं नाही.

पाइपचा प्रयोग मात्र फसता फसता राहिला. चार इंची पीव्हीसी पाइप, अडीच मीटर, दोन्ही बाजूंना एंड कॅप, आत निम्मं पाणी. जेमतेम दहा किलो पाणी, पण खांद्यावर घेतलं की ते स्वतःच्या मर्जीनं पळतं. पूर्ण भरलेला पाइप निमूट राहतो, अर्धा भरलेला नाचवतो. तरी मी नाचले. कॅप चिकटवायचं सोल्व्हंट लावून चोवीस तास ठेवायचं असतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. मी दोन तासांत उचलला. कॅप निघाली आणि पाणी सिमेंटच्या थप्पीच्या दिशेनं निघालं. तात्यांनी पोत्यांच्या पुढे वाळूचा बांध घातला नसता तर त्या महिन्याचा नफा तिथेच घट्ट झाला असता.

तोवर मी हे चोरून करत होते, शटर अर्धं ओढून. त्या दिवशी तात्यांना सगळं कळलं. ते हसले नाहीत. त्यांनी मी शिवलेल्या वाळूच्या पोत्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "त्ये उचलून दावा बघू."

पोत्याचंही सांगायला हवं. वाळू नुसत्या सिमेंटच्या पोत्यात भरली तर दोनदा आपटल्यावर शिवण उसवते. म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेर ताडपत्री, आणि दाभणानं सुतळीची दुहेरी शिवण. पहिलं पंचवीस किलोचं, दुसरं चाळीसचं. पंचवीसचं यायचं. चाळीसचं गुडघ्यापर्यंत यायचं आणि तिथून परत जायचं.

मी वाकले, कोपरे धरले.

"कान कशाला धरताय? ते काय पोरगं हाय का?" तात्या म्हणाले. "खालनं हात घाला. मिठी मारा. आता आदी मांडीवर घ्या."

"मांडीवर?"

"एकदम कुणी उचलतंय व्हय! मांडीवर घ्या, बसल्यावानी. जरा इसावा द्या. मग हात वरनं घाला, पोट फुगवून धरा, आन् हुबं ऱ्हावा. पोतं हातानं न्हाई उचलायचं, पोटानं उचलायचं."

मांडीवर घेतलं. पोत्याच्या आत वाळू सरकली आणि माझ्या पोटाचा आकार घेऊन बसली. हात बदलले, श्वास कोंडला, आणि उभी राहिले. चाळीस किलो छातीशी. सुतळीची गाठ हनुवटीला टोचत होती आणि नाकात ताडपत्रीचा वास. दोनच पावलं टाकली, पण टाकली.

रात्री त्या स्पर्धेतल्या बाप्यांचे व्हिडिओ पुन्हा लावले. तेही अगदी हेच करतात: गोटा जमिनीवरून मांडीवर, मांडीवर मिठी बदलायची, मग उभं राहायचं. त्यांच्या कमरेला रुंद चामडी पट्टा असतो, तात्यांच्या कमरेला जुन्या धोतराचा पटका. तात्यांना तो व्हिडिओ दाखवला. पूर्ण पाहिला आणि विचारलं, "उतरवायला गाडी कुटं हाय?"

मध्ये एक महिना काहीच केलं नाही. दुसऱ्या आठवड्यातच चाळीसचं येतंय म्हणून पन्नासच्या मागे लागले, आणि एका सकाळी मोरीत वाकले ती वाकलेलीच राहिले. कंबर धरली होती. डॉक्टरांनी विचारलं काय उचललंत, मी म्हटलं बादली. खोटं नव्हतं अगदी. तेव्हापासून आठवड्यातून तीनच दिवस, आणि वजन वाढवायचं ते दोन-दोन किलोनं. ट्रॅक्टरचा टायर उलटवायचा प्रकार असतो, त्याच्या वाटेला मी गेले नाही. त्यात चुकीचा हात लागला तर दंडाचा स्नायू तुटतो म्हणतात, आणि मला त्याच हातानं चोपडी लिहायची असते.

आता गोटा. पहिला साचा दोन घमेल्यांचा. आतून जळकं ऑइल फासलं, सिमेंट एक, वाळू दीड, खडी तीन असा माल कालवला, खडी बारीक घेतली, दोन्ही घमेली भरून एकमेकांवर पालथी घातली. तिसऱ्या दिवशी उघडलं. गोल नव्हताच, मसुरीच्या दाण्यासारखा, कडेला धार. अडतीस किलो. पोटाशी घेतला आणि कमरेच्या उंचीवरून सुटला. गोटाही फुटला, खालची शहाबादी फरशीही फुटली. सात दिवस तरी पाणी मारा म्हणून मी लोकांच्या मागे लागते, आणि स्वतः तिसऱ्या दिवशी उचलायला गेले. फुटलेल्या जागी पाहिलं तर आत नुसतं मधमाश्यांचं पोळं, कारण माल नीट ठोकलाच नव्हता. ह्यांनी फरशीचे पैसे चोपडीत माझ्या नावावर टाकले आहेत.

मग माठ सुचला. गोल वस्तू आपल्याकडे कुणी बनवत असेल तर कुंभार. आतून तेरा इंच व्यासाचा माठ निवडून आणला. मुलानं दहावीचं गणित वापरून सांगितलं, काँक्रीट घनमीटरला २४०० किलो धरलं तर पंचेचाळीस किलो भरेल. माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला, नाहीतर कोरडी माती मालातलं पाणी ओढून घेते. भाराने तडकू नये म्हणून गळ्यापर्यंत वाळूत पुरला. थोडा थोडा माल घातला आणि दर थराला सळईनं पन्नास वेळा टोचलं.

इथपर्यंत ठीक होतं. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गोटा काढणार कसा?"

"माठ फोडून."

"मडकं फोडायचं? घरात? अगं, मडकं कधी फोडतात माहितंय ना तुला?"

माहीत होतं, पण डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं गोदामात फोडते. त्या म्हणाल्या, गोदाम कुणाचं आहे?

दोन दिवस घरात तो विषय बंद होता. तिसऱ्या दिवशी मी त्यांना आइसलँडची एक गोष्ट सांगितली. हुसाफेल म्हणून गाव आहे, तिथे १८६ किलोचा एक दगड आहे, तो उचलून चालणं तिकडे मोठं मानतात. स्नोर्री नावाच्या तिथल्या पाद्रीनं मेंढ्यांच्या वाड्याला दार म्हणून तो लावला होता, आणि आख्यायिका अशी की त्याची मुलगी तो उचलून चालली होती. सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता ऐकलं. "लग्न झालं होतं का तिचं?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

काल रात्री ताटं मांडताना त्या आपणहून म्हणाल्या, "हंडी म्हणून फोड. दहीहंडीला फोडलेलं चालतं."

काँक्रीट पुरतं मुरायला अठ्ठावीस दिवस धरतात, आणि अठ्ठाविसावा दिवस दहीहंडीच्या चार दिवस आधीच येतो आहे. चार दिवस जास्त थांबल्यानं काँक्रीटचं काही बिघडत नाही. फोडणार तात्या, असंही ठरलंय. आत पोळं निघतंय की गोटा, ते तेव्हाच कळेल.

आज अकरावा दिवस. माठाच्या तोंडावर ओलं गोणपाट आहे. सकाळपासून पाऊस लागून राहिलाय, म्हणून आज पाणी मारायला गेले नाही. तरी तात्या जाऊन बघून आले.