एच की झेड, एका अक्षराने घालवलेला दिवस

मी असेंब्ली लाइनवर प्रोसेस बघतो आणि हा दिवस मी अजून विसरलो नाहीये. सकाळी टेस्टिंगवाल्यांनी एक कंट्रोल युनिट परत पाठवलं, पॉवर दिल्यावर शॉर्ट. उघडून बघितलं तर बोर्डवर दोन पायांच्या (पिनांच्या) मधे केसाएवढी बारीक चकचकीत धातूची कीस पडलेली. कीस कुठून आली हे शोधायला फार वेळ लागला नाही, खालच्या कव्हरचे आठ एम४ (४ एमएम जाडीचे) स्क्रू, त्यातल्या तीन स्क्रूंची डोकी खरवडलेली, खाचेच्या कडा पार गोल झालेल्या.

माझा पहिला संशय लावणाऱ्याच्या हातावर. हे कव्हर खालून वर लावावं लागतं, हात डोक्याच्या वर जातो, आणि फिलिप्सच्या, म्हणजे साध्या अधिकच्या खुणेच्या, खाचेच्या भिंती तिरक्या असतात त्यामुळे टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढला की बिट, म्हणजे ड्रायव्हरचं टोक, आपोआप खाचेबाहेर सरकायला बघतं, ते दाबून धरावंच लागतं, आणि वर हात करून तेवढा दाब दिवसभर कोण देणार. म्हणून मी स्टेशनवर जाऊन कव्हर लावणाऱ्या ताईंना म्हटलं, ताई, जरा जास्त दाबून लावा. त्यांनी काही न बोलता डब्यातला एक नवा कोरा स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, याच्या डोक्यावर जादा रेघा आहेत बघा, आधीच्या स्क्रूंना नव्हत्या."

उजेडात धरला. अधिकच्या खुणेच्या चार हातांच्या मधे ४५ अंशात चार बारीक रेघा. पोझिड्राइव्ह, फिलिप्ससारखीच दिसणारी पण वेगळी खाच! आणि ड्रायव्हरला बिट पीएच२ चं, म्हणजे फिलिप्सचं. हे बिट पोझिड्राइव्हच्या खाचेत जातं, बसल्यासारखं वाटतंही, पण भिंतींना नीट टेकत नाही, फक्त कडेवर जोर येतो, आणि १.२ न्यूटन मीटरला क्लच (ठरलेल्या टॉर्कला ड्रायव्हर थांबवणारा भाग) सुटायच्या आधीच घसरून डोकं खातं. पीझेड२, म्हणजे पोझिड्राइव्हचं बिट आणून मी स्वतः दहा स्क्रू लावले, एकही घसरला नाही. ताईंचं बरोबर होतं, मी त्यांना आधी विचारायला हवं होतं आणि तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

मग ड्रॉइंग काढलं. त्यावर नुसतं आयएसओ ७०४५ (या स्क्रूचं स्टँडर्ड), एम४ बाय १० (माप), ४.८ (मजबुतीचा वर्ग). त्यापुढे एच की झेड हे अक्षरच नाही. एच म्हणजे फिलिप्स, झेड म्हणजे पोझिड्राइव्ह, दोन्ही त्याच स्टँडर्डात बसतात, म्हणजे परचेसने जे मागवलं ते कागदाप्रमाणे बरोबरच होतं! इतके दिवस योगायोगाने एच येत होता.

दुपारी डिझाइनवाल्यांसोबत बसलो. कोणी म्हणालं अॅलन, म्हणजे षटकोनी खाचेचा स्क्रू लावा, पण एम४ च्या बटन हेडला (गोलसर डोक्याला) चावी फक्त २.५ एमएमची, षटकोनाचे कोपरे गोल झाले की स्क्रू तिथेच अडकला म्हणायचं. मी टॉर्क्स टी२०, म्हणजे सहा पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू मागितला. त्याच्या सहा पाकळ्यांच्या भिंती जवळपास उभ्या असतात, जोर फिरवण्यातच जातो, वर ढकलत नाही, म्हणजे वर हात करून लावणाऱ्याला दाबायची गरज जवळपास उरत नाही. अडचण एकच, खाचेत पेंट साचला की बिट पूर्ण आत जात नाही, मग तोही खराब होतो, म्हणून स्क्रू पेंटनंतरच लावायचे असं ठरवून घेतलं. आणि सर्व्हिसवाल्यांच्या किटमधे टी२० आहे ना हेही विचारून घेतलं, कारण उघडणारा माणूस वेगळाच असतो आणि त्याच्याकडे बिट नसेल तर तो पक्कड लावतो.

जुना लॉट संपेपर्यंत पीझेड२ च वापरायचं ठरलं. स्टेशनवरची पीएच२ बिटं मी सगळी उचलून नेली, आणि त्या दिवशी लावलेली सगळी कव्हरं परत उघडली, बोर्ड भिंगाखाली तपासले. आणखी दोन युनिटमधे कीस सापडली.