तुम्ही विचारलंत म्हणून: हरलेला संघ हिवाळ्यात नीट कसा करतात?

मी बॉस्टनजवळ राहते आणि बेसबॉल, त्यातही इथला रेड सॉक्स संघ, मनापासून बघते, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ऑक्टोबर आला की इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत किंवा पुण्याहून आलेल्या फोनवर कुणी ना कुणी एक प्रश्न हमखास विचारतं: "तुमच्या रेड सॉक्सकडे एवढा पैसा आहे, मग वाईट वर्ष गेल्यावर सगळ्यात भारी दोन-तीन खेळाडू घेऊन मोकळे का होत नाहीत? हिवाळाभर नेमकं करतात काय?"

याचं उत्तर मला एका हिवाळ्यात मिळालं, २०१२-१३ च्या. माझं बाळंतपण होतं, म्हणून आई-बाबा नोव्हेंबरात वाळवा तालुक्यातून इकडे आले होते. ऊस आणि बाकीचं सगळं दादावर सोपवून. बाहेर बर्फ, घरात तान्हं बाळ. आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळायची आणि बाबांना दिवसभर करायला काहीच नसायचं. रात्री दोन-तीन वाजता मी बाळाला घेऊन बसायचे, तेव्हा तेही उठून समोर बसत. मी फोनवर बेसबॉलच्या बातम्या वाचायचे आणि ते विचारायचे, "आज कुणाला घेतलं?"

त्या वर्षी रेड सॉक्सचं फार वाईट झालं होतं. १६२ पैकी ६९ सामने जिंकले, ९३ हरले. १९६५ नंतरची सगळ्यात खराब कामगिरी. मॅनेजर (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला असं म्हणतात) बॉबी व्हॅलेंटाइन यांना हंगाम संपल्यासंपल्या काढलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ च्या सप्टेंबरात, हाच संघ २७ पैकी २० सामने हरून हातातली प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) घालवून बसला होता. म्हणजे दुखणं एका वर्षाचं नव्हतं.

बाबांना आधी आयपीएल डोक्यातून काढायला लावावं लागलं. बेसबॉलमध्ये लिलाव नसतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो आणि कुणाशीही बोलणी करू शकतो. संघाने पगारावर किती खर्च करावा याला पक्की मर्यादा नाही, ठरावीक रकमेच्या वर गेलं की कर भरावा लागतो एवढंच. पण एकदा सही झाली की करारातले पैसे द्यावेच लागतात. खेळाडू दुखावला, फॉर्म गेला, संघाने त्याला घरी पाठवलं, तरी द्यावे लागतात. सगळं गणित इथे अडतं. सात वर्षांसाठी केलेला चुकीचा करार सात हिवाळे तुमच्या मानेवर बसून राहतो.

रेड सॉक्सच्या मानेवर असे करार होते. डावीकडचा आउटफील्डर कार्ल क्रॉफर्ड, सात वर्षांचे १४.२ कोटी डॉलर. फर्स्ट बेसमन एड्रियन गोन्झालेझ, सात वर्षांचे १५.४ कोटी. शिवाय पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉश बेकेट. हंगाम संपायच्या आधीच, २५ ऑगस्ट २०१२ ला, जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी हे तिघे आणि निक पुंटो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकले. २५ कोटी डॉलरहून जास्त देणं डोक्यावरून उतरलं. बदल्यात आले ते बहुतेक होतकरू तरुण. यात दुखतं ते गोन्झालेझचं. तो खराब खेळत नव्हता, त्याची सरासरी त्या दिवशी .३०० होती, म्हणजे दहात तीनदा यशस्वी फटका, आणि बेसबॉलमध्ये ते चांगलं मानतात. पण क्रॉफर्डच्या कोपराची शस्त्रक्रिया दोनच दिवसांपूर्वी झाली होती, त्याचा करार एकटा कुणी घेतला नसता. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे चांगल्या बैलाच्या जोडीनं दुखावलेला बैल खपवला." अगदी तसंच.

मोकळे झालेले पैसे आता कशावर लावायचे? त्या हिवाळ्यात बाजारात मोठी नावं होती. फलंदाज जॉश हॅमिल्टन होता, पिचर झॅक ग्रेंकी होता. माझी आपली आशा की यातला एक तरी येईल. चेरिंग्टननी एकालाही घेतलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात एकेक नाव येत गेलं आणि दर नावाला मी हिरमुसत गेले. डेव्हिड रॉस, राखीव कॅचर, दोन वर्षं, ६२ लाख. जॉनी गोम्स, डावखुऱ्या पिचरविरुद्ध चालणारा फलंदाज, दोन वर्षं, १ कोटी. शेन व्हिक्टोरिनो, तीन वर्षं, ३.९ कोटी, त्याची सरासरी नुकतीच .२५५ पर्यंत घसरली होती आणि एवढे पैसे त्याला का, म्हणून इथल्या रेडिओवर लोक चिडले होते. पिचर रायन डेम्पस्टर, दोन वर्षं. शॉर्टस्टॉप स्टीव्हन ड्रू, एकच वर्ष, ९५ लाख. आणि कोजी उएहारा नावाचा जपानी रिलीव्हर (मुख्य पिचर दमला की येणारा), एक वर्ष, साडेबेचाळीस लाख. तो एप्रिलमध्ये ३८ वर्षांचा होणार होता.

माइक नापोलीची गोष्ट वेगळीच. त्याच्याशी तीन वर्षांचे ३.९ कोटी ठरले, आणि मग वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याच्या खुब्याच्या हाडांना रक्तपुरवठा नीट होत नाही. दीड महिना घासाघीस चालली. शेवटी एक वर्ष आणि ५० लाख पक्के, बाकीचे खेळेल तसे. मला ती बातमी वाचून त्या माणसासाठी वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. तो वर्षानुवर्षं कॅचर होता, म्हणजे फलंदाजामागे सतत उकिडवं बसायचं काम. रेड सॉक्सने त्याला कायमचं फर्स्ट बेसवर उभं केलं.

एका रात्री मी बाबांना वैतागून सगळी यादी वाचून दाखवली. "एकसुद्धा मोठा नाही हो बाबा. नुसती भरताड."

बाबांनी विचारलं, "जुने कोण राहिलेत?"

मी सांगितलं. डस्टिन पेड्रोइया. जेकोबी एल्सबरी, ज्याचा खांदा दुखावल्यामुळे निम्म्याहून जास्त हंगाम गेला. डेव्हिड ऑर्टिझ, ज्याच्या टाचेमुळे तो जेमतेम ९० सामने खेळला. त्याला दोन वर्षांचे २.६ कोटी देऊन ठेवून घेतलं होतं. जॉन लेस्टर, चांगला पिचर, पण वर्ष वाईट गेलं, ९ विजय आणि १४ पराभव. क्ले बकहोल्झ, तोही पिचर. जॉन लॅकी, कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खं वर्ष बाहेर.

"मग हा खोडवा आहे," बाबा म्हणाले. "बुडखं जिवंत आहे. मधनंमधनं गेलंय, तिथं नांग्या भरल्यात त्यांनी."

उसाच्या भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. ऊस तुटला की त्याच बुडख्यातून पुन्हा फुटवा घेतात, तो खोडवा. सरीत जिथे जिथे बुडखं मेलेलं असतं तिथे रोप लावून जागा भरायची, याला नांग्या भरणं म्हणतात. आता सगळं रान नांगरायचं की नांग्या भरायच्या, हे ठरवायला आधी सरीतून पायी फिरावं लागतं. किती मेलंय आणि किती नुसतं पाण्याअभावी मान टाकून बसलंय, हे बांधावरून दिसत नाही.

मला तेव्हापासून वाटतं की चेरिंग्टन त्या हिवाळ्यात पायी फिरले. लेस्टर आणि बकहोल्झ संपलेले नाहीत, त्यांना ओळखणारा माणूस हवा आहे, हे त्यांनी हेरलं आणि जॉन फॅरेल यांना टोरोंटोहून मॅनेजर म्हणून आणलं. करारात असलेला मॅनेजर फुकट मिळत नाही, त्यांच्यासाठी माइक अव्हिलेस हा इनफील्डर द्यावा लागला. फॅरेल यांनी २००७ ते २०१० या काळात रेड सॉक्सच्या पिचरना शिकवलं होतं आणि लेस्टर त्यांच्याच हाताखाली घडला होता. वरून बघणाऱ्याला हा बदल लहान वाटतो. माझ्या मते त्या हिवाळ्यातला हा सगळ्यात मोठा बदल होता, आणि तो खेळाडूंच्या यादीत दिसतच नाही.

बाकीच्या निवडीतही एक धागा होता, तो मला उशिरा दिसला. नापोलीसारखे फलंदाज चेंडू सोडतात. एकेका फेरीत पिचरला सहा-सात चेंडू टाकायला लावतात. असे तीन-चार जण ओळीने आले की समोरचा मुख्य पिचर नऊपैकी सहाव्या इनिंगपर्यंत दमतो आणि मग त्यांच्या दुय्यम पिचरवर तुटून पडता येतं. व्हिक्टोरिनो मुळात मधल्या आउटफील्डचा, पण फेनवे पार्कचं, म्हणजे रेड सॉक्सच्या घरच्या मैदानाचं, उजवं अंगण इतकं अवघड आणि मोठं आहे की तिथेही तेवढीच धाव लागते, म्हणून त्याला उजवीकडे ठेवलं. म्हणजे कोणती जागा रिकामी आहे आणि त्या जागेला काय लागतं, हे आधी, आणि माणसाचं नाव नंतर.

आणि तरीही ठरवलेलं सगळं जमत नाही, हे मी बाबांसोबत डोळ्यांनी पाहिलं. १० एप्रिल २०१३. फेनवेवर २००३ पासून एकही सामना तिकीटविक्री पूर्ण न होता झाला नव्हता, ओळीने ८२० सामने. लोकांचं मन एवढं उडालं होतं की ती साखळी त्या रात्री तुटली. आम्हाला तिकिटं सहज मिळाली. बाळ आईजवळ ठेवलं, बाबांना दोन स्वेटर आणि माकडटोपी घातली आणि गेलो. शेवटच्या इनिंगला जोएल हॅनरहन आला. सामना राखायला म्हणून हिवाळ्यात पिट्सबर्गकडून खास आणलेला क्लोजर. बॉल्टिमोरच्या मॅनी मचाडोने त्याला होम रन (आपल्या षटकारासारखा) मारला आणि हातातला सामना ८-५ असा गेला. पुढे महिनाभरात हॅनरहनचं कोपर गेलं, वर्ष संपलं. त्याच्या जागी आलेला अँड्र्यू बेलीही चालेना, आणि पुढे त्याचा खांदाही गेला. जूनच्या शेवटी तिसरा पर्याय म्हणून शेवटची इनिंग कुणाकडे आली? त्या साडेबेचाळीस लाखांच्या उएहाराकडे. त्याने वर्षभरात १०१ फलंदाज स्ट्राइक आउट केले, म्हणजे चेंडू चुकवून बाद केले, आणि बेस ऑन बॉल्स (वाइड चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) दिले फक्त ९. एकदा तर ओळीने ३७ फलंदाज बाद केले. पहिल्या दोन नांग्या वाळल्या, तिसरी धरली. तिसरी लावून ठेवली होती म्हणून.

सामन्यानंतर पाच दिवसांनी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले. तीन जीव गेले, कितीतरी लोकांचे पाय गेले. त्या आठवड्यात आम्ही घराबाहेर पडलो नाही. नंतर या शहराने त्या संघाला ज्या मायेने धरलं ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही. पण त्या दुःखामुळे संघ जिंकला, असं जे लोक सहज म्हणतात ते मला पटत नाही. दुःखाला मी तेवढं स्वस्त करणार नाही. संघ जिंकला कारण लेस्टर १५ सामने जिंकला, ऑर्टिझची टाच बरी झाली, लॅकी उभा राहिला आणि मेलेल्या प्रत्येक जागेवर कुणीतरी होतं. ९७ विजय. मेजर लीगच्या दोन्ही विभागांत मिळून सगळ्यात जास्त धावा, ८५३.

ऑक्टोबरात तर मी ज्यांना भरताड म्हटलं होतं तेच एकेक करून पुढे आले. डेट्रॉइटविरुद्ध जस्टिन व्हर्लँडरला नापोलीने मारलेल्या एका होम रनवर सामना १-० असा जिंकला. त्याच मालिकेच्या शेवटच्या सामन्यात व्हिक्टोरिनोचा ग्रँड स्लॅम, म्हणजे एका होम रनवर चार धावा. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात व्हिक्टोरिनोची पाठ धरली म्हणून ऐनवेळी गोम्सला उतरवलं आणि त्याने तीन धावांचा होम रन मारला. पाचव्यात रॉसचा निर्णायक फटका. ३० ऑक्टोबरला सेंट लुइसला हरवून विजेतेपद घेतलं. १९१८ नंतर पहिल्यांदा फेनवेच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. शेवटचा फलंदाज उएहाराने बाद केला तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा होत आले होते. बाबा तोवर गावी परतले होते, तिकडे सकाळचे नऊ वाजत होते. मी फोन केला आणि माझा आवाज फुटेना. ते म्हणाले, "रड, रड. कोण होता शेवटी, तो जपानी का?"

म्हणून मोठी नावं का घेत नाहीत, असं कुणी विचारलं की मी हा हिवाळा सांगते. पण हे दरवेळी चालतं असं मी म्हणत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, साधारण तसंच काही करून पाहिलं आणि संघ ७१ सामने जिंकून तळाला गेला. बुडखंच थकलं होतं. एल्सबरी न्यूयॉर्कला गेला, लेस्टरला मध्येच ऑकलंडला देऊन टाकला. आणि मग त्याच चेरिंग्टननी नोव्हेंबर २०१४ मध्ये पाब्लो सॅन्डोव्हाल पाच वर्षांसाठी ९.५ कोटीला आणि हॅन्ली रामिरेझ चार वर्षांसाठी ८.८ कोटीला घेतले. मोठी नावं. सगळं शहर खूश होतं. पुढल्या हंगामात संघ पुन्हा तळाला, ७८ विजय.

त्या खरेदीची बातमी मी मोठ्या उत्साहाने बाबांना फोनवर दिली होती. रामिरेझ शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसचा, पण त्याला डाव्या आउटफील्डला, फेनवेच्या त्या ३७ फुटी हिरव्या भिंतीखाली उभं करणार आहेत, हेही सांगितलं. बाबांना ती भिंत आठवत होती.

"तिथं तो आधी कधी उभा राहिलाय का?"

"मेजर लीगमध्ये तरी नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वरच्या रानातला ऊस उद्यापासून तुटायला लागणार आहे, टोळी आली आहे.