कार रेसिंगचं हेल्मेट घेताना – धुळ्याहून माझा अनुभव

धुळ्यात टू-व्हीलरचं हेल्मेट हवं तितकं मिळतं. आग्रा रोडने चालत गेलं तरी दुकानाबाहेर टांगलेली दिसतात. पण कारमध्ये बसून शर्यतीत उतरायचं तर कोणतं हेल्मेट लागतं, हे सांगणारा मला आख्ख्या जिल्ह्यात कोणी भेटला नाही. नाशिकच्या ऑटोक्रॉसमध्ये (मैदानात आखलेल्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) उतरायचं ठरवलं तेव्हा माझी जुनी हॅचबॅक नानांच्या गॅरेजमध्ये जवळजवळ तयार होती. रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पाइपांचा सांगाडा) लागला होता, रेसिंगची सीट आणि हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून बांधायचे रेसिंगचे पट्टे) बसवायचं काम चालू होतं. राहिलं होतं फक्त हेल्मेट, आणि त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. आपल्या खान्देशातून आणखी कोणी या वाटेला लागलं तर त्याला एवढं तरी आयतं मिळावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं काम म्हणजे स्पर्धेची नियमावली मागवून घेणं. दुकानात पाऊल टाकण्याआधी. हौशी स्पर्धांमध्येही प्रत्येक आयोजकाचा नियम सारखा नसतो. कुठे आयएसआय शिक्क्याचं फुल फेस (हनुवटीही झाकणारं) चालवून घेतात, कुठे स्नेल (हेल्मेटं तपासणारी अमेरिकन संस्था) किंवा एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) यांचं कार रेसिंगचं मानांकनच लागतं. नियमावलीत हेल्मेटबद्दल मोघम वाक्य असेल तर सरळ फोन करून विचारावं. तांत्रिक तपासणीच्या टेबलावर हेल्मेट नापास झालं तर गाडी कितीही चांगली असो, त्या दिवशी तुम्ही प्रेक्षक.

घरी टू-व्हीलरचं चांगलं हेल्मेट होतं. आप्पांचा पहिला प्रश्न तोच होता: "हे आहे ना, मग अजून कशाला?" प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मलाही नीट समजून घ्यायचं होतं. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक आहे आणि रस्त्यासाठी ते योग्यच आहे. पण दुचाकीवरून माणूस फेकला जातो, रस्त्यावर आपटतो, घसरत जातो. कारमध्ये तो पट्ट्यांनी बांधलेला असतो. त्याचं डोकं आपटतं ते डोक्याभोवतीच्या लोखंडी पाइपावर, आणि गाडी उलटली तर एकाच जागी पुन्हा पुन्हा. वर आगीची भीती वेगळी, कारण पट्टे सोडून बाहेर पडेपर्यंत वेळ जातो.

स्नेल फाउंडेशनची गोष्ट वाचली आणि मला हे सगळं जास्त जवळचं वाटायला लागलं. पीट स्नेल हा आपल्यासारखाच हौशी चालक. १९५६ मध्ये शर्यतीत त्याची गाडी उलटली, डोक्यात हेल्मेट असूनही डोक्याला मार लागून तो गेला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याच्या मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नावाने ही संस्था काढली. हेल्मेट घेऊन ते आपटून, भोसकून, जाळून बघायचं आणि टिकलं तरच शिक्का द्यायचा, हे तिचं काम. कार रेसिंगसाठी तिचं मानांकन 'एसए', मोटरसायकलसाठी 'एम', कार्टिंगसाठी 'के'. एसएमध्ये रोल बारच्या, म्हणजे केजच्या पाइपाच्या, आकाराच्या पोलादी ठोकळ्यावर हेल्मेट आदळतात आणि आगीची चाचणी घेतात: कवच, हनुवटीचा पट्टा, व्हायझर (पुढची काच) यांवर ज्योत धरली जाते आणि ज्योत काढल्यावर ते ठरलेल्या वेळात आपोआप विझावं लागतं. एम आणि केमध्ये आगीची चाचणी नाही. उलट एममध्ये बाजूचं जास्त दिसावं लागतं, कारण रस्त्यावर कडेने येणारी गाडी दिसणं गरजेचं असतं. म्हणजे दोन्ही हेल्मेटं आपापल्या जागी चांगली, जागा बदलल्या की अपुरी. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

एसएपुढचा आकडा मानकाच्या वर्षाचा असतो: २०१५, २०२०, आणि आताचं २०२५. दर पाच वर्षांनी मानक नवं होतं. हेल्मेट बनल्याची तारीख निराळी, ती वेगळी छापलेली असते. आयोजक जुनं मानक काही वर्षं चालवून घेतात आणि मग बंद करतात. त्यामुळे स्वस्तात जुनं मिळतंय म्हणून घेतलं तर थोड्याच हंगामांत ते तपासणीत अडकतं. एफआयएची मानकंही आहेत, ८८५९ आणि त्यावरचं ८८६०. बरीच हेल्मेटं एफआयए आणि स्नेल दोन्हींचे शिक्के घेऊन येतात.

हा शिक्का असतो कुठे, हे माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. स्नेलचा स्टिकर साधारणपणे आतल्या कापडी अस्तराखाली असतो, गादी जरा उचकटून पाहावी लागते. बाहेरच्या स्टिकरवर कधीही जाऊ नये. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने मला व्हॉट्सअॅपवर जवळजवळ निम्म्या किमतीत 'रेसिंग हेल्मेट' देऊ केलं. फोटोत झकास दिसत होतं. मी अस्तराखालच्या लेबलचा फोटो मागितला. बरीच टाळाटाळ झाली, शेवटी फोटो आला तेव्हा त्यावर 'एम' होतं. विषय तिथेच संपला. वापरलेलं हेल्मेट मी तसंही घेतलं नसतं. कवचाच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो तो आपटल्यावर स्वतः दबतो आणि डोक्याचा धक्का खातो. एकदा दबला की तो परत फुगत नाही, आणि बाहेरून काही दिसतही नाही. आधीच्या मालकाने ते कुठे आपटलं होतं हे तुम्हाला कोण सांगणार?

मग ओपन फेस की फुल फेस. रॅलीवाले बरेचदा ओपन फेस घेतात, शेजारच्या को-ड्रायव्हरशी इंटरकॉमवर बोलायचं असतं आणि हवा लागते. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४३-४४ वर जातो, एसी काढलेल्या गाडीत बसल्यावर ओपन फेसचा मोह कोणालाही होईल. मला मात्र को-ड्रायव्हर नाही, एकट्याने चालवायचं आहे, आणि स्टीअरिंग तोंडासमोर आहे. हनुवटी आणि जबडा झाकलेला हवा. शिवाय मातीच्या ट्रॅकवर धूळ इतकी उडते की व्हायझर खाली घ्यावाच लागतो. म्हणून फुल फेस, आणि उन्हासाठी पांढरा रंग.

आता सगळ्यात अवघड भाग, माप. वहिनींच्या शिवणकामाच्या टेपने माझं डोकं मोजलं. भुवयांच्या वर साधारण बोटभर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सर्वात फुगीर आहे तिथून टेप फिरवायची. एकदा मोजून भागत नाही, टेप जरा वर-खाली सरकवून जो सर्वात मोठा आकडा येईल तो धरायचा. माझा ५९ सेंटीमीटर आला. वेगवेगळ्या कंपन्यांचे तक्ते पाहिले तर ५९ कुठे मीडियम आणि लार्जच्या सीमेवर होतं, कुठे सरळ लार्ज. आणि घेर म्हणजे अर्धीच गोष्ट. दोन माणसांचा घेर ५९ असला तरी एकाचं डोकं कपाळापासून मागे लांबट असतं, दुसऱ्याचं कानांच्या बाजूला रुंद. हेल्मेटची पोकळीही कंपनीगणिक तशीच बदलते. टेपला हे कळत नाही. ते घालूनच कळतं.

पण घालून बघणार कुठे? धुळ्यात नाही, जळगावला विचारलं, तिथेही नाही. मग मी स्पर्धेत उतरण्याआधी एकदा नुसता बघायला नाशिकला गेलो. तिथले चालक मनाने मोठे. दोन फेऱ्यांच्या मधे गाडीच्या बॉनेटवर हेल्मेट ठेवून चहा पीत उभे असतात. मी धुळ्याहून आलोय, डोक्याचा आकार बघायचाय, असं सांगितलं की हातात हेल्मेट देत होते. फक्त स्वतःचा बॅलाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायची डोकं-मान झाकणारी कापडी टोपी) घालून मग हेल्मेट घालायचं, ही साधी रीत पाळावी. त्याचा दुसरा फायदा असा की पुढे कायम बॅलाक्लाव्हावरच हेल्मेट घालायचं असतं, तेव्हा माप त्यासकटच घेतलेलं बरं. त्या मैदानात उभं राहून मला एक गोष्ट पक्की कळली: माझं डोकं लांबट आहे. एका कंपनीचं लार्ज घातल्याबरोबर कपाळाच्या मधोमध बोट रोवल्यासारखं टोचायला लागलं आणि कानांवर मात्र जागा मोकळी. दुसऱ्या कंपनीचं तेच माप सगळीकडून सारखं बसलं.

एवढी माहिती हाताशी आल्यावर मुंबईच्या एका दुकानात गेलो, आधी फोन करून, माझ्या मापाची दोन मॉडेलं काढून ठेवायला सांगून. दुकानदाराला सांगितलं, मी अर्धा तास तरी घालून बसणार. नवीन हेल्मेट घट्टच असावं. गाल थोडे दाबले जावेत, बोलताना गाल दाताखाली येईल इतके. गालाच्या गाद्या वापराने सैल होतात, कपाळावरचा दाब मात्र जात नाही, कारण तिथे खाली तो कडक थर आहे. हनुवटीचा पट्टा दोन कड्यांतून ओढून बांधला आणि दुकानातल्या पोराला म्हटलं, मागची कड धरून पुढे उलटवून बघ. त्याने जोर लावला, हेल्मेट डोळ्यांवरसुद्धा आलं नाही. मग हेल्मेट हाताने धरून डोकं डावी-उजवीकडे फिरवायचं: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. अर्ध्या तासाने काढून आरशात पाहिलं. पहिल्या मॉडेलने कपाळावर लाल गोल डाग सोडला होता. दुसऱ्याने सगळीकडे फिकट, सारखा वळ. दुसरं घेतलं. फायबर कंपोझिटचं, वजन दीड किलोच्या आसपास, किंमत ३५ हजारांच्या आसपास. कार्बन फायबरचं थोडं हलकं होतं, पण माझ्या छोट्या फेऱ्यांसाठी तेवढ्या वजनापायी तितके जास्त पैसे देण्यात अर्थ नव्हता. ते पैसे चांगल्या हार्नेसला गेले.

चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकटच घालून बघावं. सरळ, बारीक काड्यांचा चष्मा आत सरकतो, कानामागे वाकलेला अडकतो.

हेल्मेट आणलं आणि पहिल्यांदा गाडीत बसलो तेव्हा नवीन प्रश्न निघाला. हेल्मेटमुळे डोकं वर आलं आणि रोल केजचा पाइप जवळ आला. नानांनी हेल्मेट आणि पाइपच्या मधे स्वतःची मूठ घालून बघितली, ती जात नव्हती. त्यांनी सीटचे ब्रॅकेट खाली घेतले, आणि मूठ मोकळी फिरेपर्यंत मला उठू दिलं नाही. पाइपावर केजसाठीचा कडक फोम बसवला. सीट आणि हार्नेस लावतानाच हेल्मेट हाताशी असतं तर ते काम एकाच खेपेत झालं असतं, म्हणून सांगतो, गाडी उघडी असतानाच हेल्मेट घ्या.

गॅरेजमध्ये हेल्मेट कुठे ठेवायचं यावरही नानांनी मला एक गोष्ट करून दाखवली. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घेतला आणि त्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकले. पांढरा तुकडा फसफसला, खड्डा पडला, बोटाला चिकटेल असा चिकट लगदा उरला. "दख, कसं इरघळनं!" हेल्मेटच्या आतला थर त्याच जातीचा. तेव्हापासून हेल्मेट पेट्रोलच्या कॅनजवळ जात नाही, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही राहत नाही, आणि त्याच्यावर पट्टे रंगवून द्यायला तयार असलेल्या पेंटरला मी नाही म्हटलंय, कारण थिनर कवचाचं काय करेल याची खात्री तो देऊ शकत नव्हता. अस्तर काढून साध्या साबणाने धुतो, सावलीत वाळवतो.

हॅन्सबद्दल थोडं. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात बनवलेलं हे मानेचं साधन. गाडी अचानक थांबली की पट्टे धड धरून ठेवतात आणि डोकं पुढे जातं, सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. हॅन्स खांद्याच्या पट्ट्यांखाली बसतं आणि दोऱ्यांनी हेल्मेटला बांधलं जातं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं आहे. एसए २०१५ पासून पुढच्या हेल्मेटांत त्यासाठी दोन्ही बाजूंना एम६ स्क्रूची जागा तयारच येते, घेताना ती पाहून घ्या. स्वतः ड्रिल मारून भोकं पाडायची नाहीत. साध्या तीन टोकी सीट बेल्टवर हॅन्सचा उपयोग नाही, रेसिंग हार्नेस लागतोच. माझी पुढची खरेदी तीच आहे.

नाशिकला तपासणीच्या टेबलावर परीक्षकांनी अस्तर उचकटलं, लेबल वाचलं, पट्टा ओढून पाहिला आणि कागदावर सही केली. धुळीत फेऱ्या मारल्या, खड्ड्यांत गाडी आदळली, हेल्मेट डोळ्यांवर सरकलं नाही आणि कपाळ दुखलं नाही. दर फेरीनंतर व्हायझर ओल्या फडक्याने पुसावा लागतो. कोरड्याने पुसलं तर धुळीचे ओरखडे पडतात.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कोणाला आपल्या डोक्याला कोणता आकार बसतो हे बघायचं असेल तर माझं हेल्मेट आहे. ५९ सेंटीमीटर, लांबट डोक्याचं. रविवारी सकाळी मी नानांच्या गॅरेजवर असतो. अर्धा तास घालून बसा, आरशात कपाळ बघा. बॅलाक्लाव्हा तेवढा आपला आणा.