शिशाच्या भट्टीपाशी कसला विरंगुळा?

थंडीच्या दिवसांत तुमचा वेळ कसा जातो, असे कोणी विचारले आणि मी खरे उत्तर दिले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घरी बसून बंदुकीच्या गोळ्या ओतण्यात कसला आला विरंगुळा? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी काळजी असते, कधी थोडा संशयही असतो, आणि मला दोन्हींचे नवल वाटत नाही. म्हणून आधी एवढे स्पष्ट करते की मी ओतते ती फक्त शिशाची गोळी, म्हणजे काडतुसाचे पुढचे टोक. पितळी कवच, बार आणि पेटवण हा निराळा विषय आहे, आणि साच्यातून बाहेर पडलेली गोळी हा त्या क्षणी धातूचा एक नेटका तुकडा असतो. माझ्या गोळ्या कागदी लक्ष्यावर जातात, शिकारीसाठी नाहीत. मी हा छंद अमेरिकेत करते आणि तेथे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतण्यासाठी केंद्रीय परवाना लागत नाही. भारतात मात्र 1959 च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरले आहेत आणि ते विनापरवाना बनवणे गुन्हा आहे, तेव्हा तेथील वाचकांनी हा मजकूर वाचनापुरताच घ्यावा.

आता विरंगुळ्याविषयी. या कामात घाई करता येत नाही आणि रेंगाळताही येत नाही, हेच माझ्या लेखी त्याचे सगळे सुख आहे. शुद्ध शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळले की मिश्रण त्याही आधी पातळ होते, आणि ओतण्यासाठी मी ते साधारण 370 ते 390 अंशांवर ठेवते. भट्टीचे तापमान तापमापकावर दिसते. साच्याचे मात्र आपल्या हाताच्या गतीवर ठरते. साच्याला स्वतंत्र आच नसते. प्रत्येक वेळी आत पडणाऱ्या धातूतून तो उष्णता घेतो आणि दोन ओतींच्या मधल्या वेळात ती गमावतो. मध्येच उठून फोन घेतला, तर परत येईपर्यंत साचा थंड होतो आणि पुढच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. भराभर ओतत सुटले, तर तो इतका तापतो की तोंडावरचे शिसे थिजायचे नावच घेत नाही. त्यामुळे हाताला आपोआप एक लय लागते, आणि ती लय टिकवण्याइतके लक्ष दिले की मनात दुसरे काही ठेवायला जागाच उरत नाही. पडून राहून विश्रांती मिळते असे म्हणतात, पण पडल्या पडल्या माझे डोके अधिकच चालू लागते, असा माझा अनुभव आहे.

साच्याच्या वरच्या बाजूला एक सरकती लोखंडी पट्टी असते आणि तिला ओतण्यापुरते भोक असते. त्या भोकातून पोकळी भरली की पट्टीवर थोडे जास्तीचे शिसे मुद्दाम साचू द्यायचे, कारण शिसे घट्ट होताना सुमारे 3 टक्के आक्रसते आणि ती तूट गोळी या वरच्या साठ्यातून भरून काढते. हा साठा पाहण्यासारखा असतो. आधी तो आरशासारखा लखलखीत दिसतो, मग त्याच्या मधोमध एक बारीकशी खळी पडते, आणि एकाएकी कडेपासून आतपर्यंत त्यावर धुरकट साय धरते. या सायीनंतर आणखी काही क्षण थांबून लाकडी हातोडीने पट्टी सरकवायची. फार लवकर सरकवली तर मऊ शिसे पट्टीखाली फासले जाते आणि गोळीच्या बुडाला खड्डा पडतो. उशीर केला तर हातोडीला जोर लावावा लागतो. नेमक्या वेळी साधले की अगदी हलक्या टकटकीत काप सफाईने जातो. साचा उघडला की गोळी घडी घातलेल्या जाड कापडावर पडू द्यायची, कारण या अवस्थेत ती इतकी मऊ असते की दुसऱ्या गोळीवर आपटली तरी तिला पोचा येतो.

सुरुवातीच्या गोळ्या जवळजवळ नेहमीच वाया जातात आणि त्यांना पुन्हा भट्टीचीच वाट धरावी लागते. साचा नीट तापला की कडा धारदार उमटतात आणि गोळीभोवतीच्या वंगण भरायच्या खाचा स्वच्छ दिसू लागतात. साचा जरा जास्त तापला, तर गोळीवर हिवासारखी पांढुरकी झाक येते. नवख्यांना ती खराब वाटते, पण कडा भरलेल्या असतील तर ती निशाण्यावर काहीही बिघडवत नाही. निवड करताना मी सर्वांत आधी बूड पाहते. गोळी बंदुकीच्या नळीतून बाहेर पडताना बाराचा वायू शेवटी बुडापासूनच सुटतो, आणि बुडाची कड एका बाजूने गोलावलेली असली तर तो विषम सुटून गोळीला कलते करतो. टोकावरच्या लहानशा सुरकुतीला मात्र मी क्षमा करते.

धातूची जमवाजमव हा या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. नुसते शिसे फार मऊ असते. तोंडाकडून भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकांना ते चालते, किंबहुना तेच लागते, पण इतरत्र त्याला कठीण करावे लागते. अँटिमनी कठीणपणा देते. कथलामुळे वितळलेल्या धातूचा पृष्ठताण कमी होतो आणि तो साच्याच्या कोपऱ्यांत नीट शिरतो. ओतकाम करणाऱ्यांमध्ये प्रमाण मानले जाणारे एक जुने मिश्रण 90 भाग शिसे, 5 भाग कथील आणि 5 भाग अँटिमनी असे आहे. छापखान्यात अक्षरांची अख्खी ओळ धातूत ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राचा धातू याच कुळातला असून त्यात साधारण 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असते. अक्षरांच्या कडा स्वच्छ उमटाव्यात म्हणून मुद्रकांनी जे साधले, तेच गोळी ओतणाऱ्याला हवे असते. छापखाने संगणकावर गेले आणि हा धातू भंगारात आला. कोणाच्या तरी बातमीची उलटी अक्षरे अजून वाचता येत असलेली एक ओळ भट्टीत सोडताना मी ती वाचायचा प्रयत्न करते, आणि ती वाचून होण्याआधीच वितळते.

मोटारीच्या चाकांवर लावायची जुनी वजने हा दुसरा स्रोत. पण त्यांत जस्ताची वजने मिसळलेली असतात आणि जस्ताने अख्खी भट्टी बिघडते, धातू लापशीसारखा होतो आणि साचा भरतच नाही. यावर तोडगा सोपा आहे. जस्त 419 अंशांच्या पुढे वितळते आणि शिशापेक्षा बरेच हलके असते, म्हणून आच बेताची ठेवली की जस्ताची वजने वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. त्याआधी फरशीवर टाकून आवाज ऐकला तरी बरेच कळते: शिसे बद्द वाजते, जस्त खणकते. गाडीच्या बॅटरीतले शिसे मात्र मी कधीच घेत नाही, कारण त्याच्या मळापासून अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतात.

वितळलेल्या धातूवर जी करडी साय जमते, ती घाण समजून काढून टाकण्याचा मोह होतो. त्या सायीत कथिलाचा मोठा वाटा असतो, कारण हवेशी संयोग त्याचा आधी होतो, आणि साय फेकली की महागडे कथीलच फेकले जाते. म्हणून मी कोरडा लाकडी भुसा टाकते आणि तो जळून कोळसा झाला की पळीने तळापर्यंत ढवळते. कोळशातला कार्बन सायीतल्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि धातू परत खाली मिसळतो. वर उरते ती काळी राख, आणि तीच टाकून द्यायची असते.

हिवाळाच का, असेही विचारले जाते. भट्टीजवळ लांब बाह्यांचा सुती सदरा, चामड्याचे हातमोजे, जाड बूट आणि डोळ्यांवर ढाल हे सगळे अंगावर असावेच लागते, आणि उन्हाळ्यात त्या पेहरावात घामाच्या धारा लागतात. घाम येथे नुसता गैरसोयीचा नसतो. पाण्याची वाफ होताना ते दीड हजार पटींहून अधिक फुगते. थेंब पृष्ठभागावर पडला तर चुरचुरून उडून जातो, पण धातूच्या खाली अडकला तर भट्टीतले शिसे खोलीभर उडवतो. थंडीचीही एक खोड आहे. बाहेरच्या गारठ्यातून आणलेल्या शिशाच्या लगडीवर उबदार खोलीत दव धरते, डोळ्यांना दिसत नाही इतके बारीक. म्हणून नवी लगड मी थेट भट्टीत कधीच सोडत नाही. आधी ती भट्टीच्या काठावर बराच वेळ तापत ठेवते. पळी आणि झाराही तसेच.

शिशाच्या विषारीपणाविषयी लोक वाफेची भीती घालतात, पण शिसे उकळते 1749 अंशांना आणि माझी भट्टी त्याच्या आसपासही जात नाही. खरा धोका राखेतल्या आणि सायीतल्या भुकटीचा आहे, जी हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. त्यामुळे वारा खेळता ठेवणे, काम चालू असताना काहीही न खाणे-पिणे, राख झाकणाच्या डब्यात बंद करणे, कोरडा केर न काढता ओल्या फडक्याने पुसणे आणि ते कपडे वेगळे धुणे, हे मी नियमाने पाळते, आणि रक्तातल्या शिशाची तपासणीही करून घेते. मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ठाऊक नाही. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर हा छंद त्या घरी नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकेकाळी मात्र लहान मुलेही हे काम करत. 9 जुलै 1776 रोजी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा जमावाने पाडला, त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफिल्ड येथे तेथील एक पुढारी ऑलिव्हर वॉल्कट यांच्याकडे नेण्यात आले आणि तेथे त्यांतून 42,088 गोळ्या ओतल्या गेल्याची नोंद आहे. कोणी किती ओतल्या याचाही हिशेब ठेवलेला होता आणि त्यात स्त्रिया व मुलांची नावे आहेत. वॉल्कट यांच्या मेरी अॅन या मुलीच्या नावापुढे 10,790 हा आकडा आहे. त्यांना त्यात विरंगुळा वाटला असेल असे मला वाटत नाही. ठरलेला आकडा गाठायचा असला की लय जाते आणि राहते ती नुसती मजुरी. मीही एकदा पुरेशा गोळ्या झाल्या की हात आवरते.

पैसे वाचतात का, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात नाही असे आहे, कारण वाचलेल्या पैशांतून माणूस पुढचा साचा घेतो. ज्यांना गोळ्या नकोत, बंदूक नको, पण हे ओतणे मात्र करून पाहावेसे वाटते, त्यांना मी शिसेविरहित प्यूटर सुचवते. त्यात कथील बहुतांश असते, जोडीला थोडे अँटिमनी आणि तांबे, आणि ते शिशापेक्षा बरेच कमी आचेवर वितळते. त्यातून बुद्धिबळाच्या सोंगट्या किंवा बोटभर उंचीचे शिपाई छान निघतात. साच्याची लय तीच, सायीची वाट पाहणेही तेच, आणि पाणी तेथेही तितकेच लांब ठेवावे लागते.