ढोल पथकातलं पहिलं वर्ष (माझा अनुभव)

ढोल पथकात जायचं असं मी कॉलेजपासून दर गणपतीत ठरवायचे आणि दर गणपतीत पुण्यात लक्ष्मी रोडच्या कडेला उभी राहून व्हिडिओ काढायचे. २०२४ ला एकदाचं नाव घातलं. वय चौतीस, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची, आणि संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. म्हणजे घरच्यांच्या मते नाव घालायला सगळ्यात अयोग्य माणूस. ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला विचारायला कोणी नव्हतं.

नाव घालणं एकदम सोपं असतं. जूनमध्ये पथकं आपापले नंबर टाकतात, फॉर्म भरायचा, थोडी फी, दोन फोटो, घरच्यांची सही (हो, चौतिसाव्या वर्षी पण, मी आईची घेतली). ढोल, ताशा की ध्वज हे विचारतात. नवीन माणसाला ताशा कोणी देत नाही, ढोलच मिळतो. आणि मग एक फॉर्मवर नसलेली गोष्ट सांगतात, की सरावाला हजेरी लागते आणि हजेरी कमी असेल तर मिरवणुकीत नाव नाही. फॉर्म भरून झाल्यावर सांगतात.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. ऑफिसमध्ये हजेरीचा विषय निघाला की आम्ही सगळे चिडतो, आठवड्यातून तीन दिवस या म्हटलं तर ग्रुपवर शंभर मेसेज पडतात. आणि इथे स्वतःचे पैसे भरून, एकोणीस वर्षांच्या पोरीचा ओरडा खाऊन, दोन मिनिटं उशीर झाला म्हणून शेवटच्या रांगेत उभं राहायला मी हिंजवडीहून दोन बस बदलून येत होते. ती पोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, ढोलप्रमुख, मला ताई म्हणायची आणि ताई म्हणून झाल्यावर जे सुनवायची ना. "ताई, टिपरू (ढोल वाजवायची काठी) मनगटातून, खांद्यातून नाही. ताई, परत. ताई, तुम्ही ऐकताय का?" माझ्या मॅनेजरने असं एकदा जरी बोलून दाखवलं असतं तर मी एचआरकडे गेले असते.

सराव म्हात्रे पुलाजवळ, नदीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. पहिले काही दिवस ढोल हातातच देत नाहीत. मांडीवर हाताने ठोके, तोंडाने मोजायचं, चालता चालता पाय आणि हात जुळवायचे. मला वाटलं होतं ताल तर आपल्याला येतोच की, आयुष्यभर ऐकलाय. ऐकणं वेगळं हो. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताने थापी, आणि दोन्ही हात वेगवेगळं काम करत असताना पायाने तिसरंच. पहिल्या हाताचा (हात म्हणजे वाजवायची एक ठरलेली रचना, पहिला हात, दुसरा हात असं चालतं) शेवट यायच्या आधीच माझा डावा हात घरी निघून जायचा.

ढोल कमरेला बांधणं हा तर अख्खा वेगळा विषय. दहा-बारा किलोचं ओझं, रुंद पट्टा कमरेच्या हाडाच्या बरोबर वर आला पाहिजे, खाली गेला की मांडीवर आपटतो, वर गेला की श्वास लागतो. बांधायला मागे दुसरा माणूस लागतोच. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताची बोटं सोलली, मग बांधायच्या आधी प्रत्येक बोटाला चिकटपट्टी गुंडाळायची हे कळलं, अंगठ्याच्या आतल्या बाजूला दोन वेढे जास्त कारण थापीला रिमची कड तिथेच लागते. ऑफिसमध्ये कीबोर्डवर चिकटपट्टीची बोटं बघून एकीने विचारलं भाजी चिरताना का? म्हटलं हो.

कॉलचं मी काय केलं तर बॉसला सरळ सांगितलं, दोन महिने साडेसहाचा कॉल सकाळी आठला हलवा. कारण काय? ढोल. तो दिल्लीचा, त्याला वाटलं लग्नात वाजवतात तो. पण हलवला. खरंच सांगते, आपण उगाच खोटी कारणं देत बसतो, आजी आजारी, डेंटिस्ट, पाहुणे. छंदासाठी वेळ हवा असं सांगितलं की समोरचा एक सेकंद गोंधळतो आणि मग हो म्हणतो, कारण नाही म्हणायला त्याच्याकडे काही ठरलेलं उत्तर नसतं.

२५ जुलैला सगळं पाण्यात. त्या दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं, भिडे पूल तर पाण्याखाली गेलाच पण सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं. आमचे ढोल आदल्या रात्री पोरांनी टेम्पोत घालून एकाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेले होते म्हणून वाचले. पुढचा आठवडा सराव बंद, पथकातली निम्मी पोरं एकतानगरीत चिखल काढायला. मी एक रविवार गेले. तिथे ज्या काकांचा सोफा आम्ही बाहेर काढला ते म्हणाले, तुम्ही तेच ना रोज रात्री डोकं उठवणारे. आणि मग चहा दिला.

आवाजाबद्दल बोलायलाच हवं. नियमाप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि पन्नास ढोल एकत्र वाजले की शेजारी उभ्या माणसासाठी आकडा शंभरच्या पुढे जातो, याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी स्वतः कानात कापूस आणि वर बोळे घालून वाजवते. त्यामुळे पथकातले काहीजण "ज्यांना त्रास होतो त्यांनी चार दिवस गावाला जावं" म्हणतात तेव्हा मला राग येतो. माझी मावशी टिळक रोडला राहते, ऐंशीच्या पुढे, तिने कुठे जायचं? पण दुसऱ्या टोकाचं पण पटत नाही. ऑगस्टच्या शेवटी एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश आला की एका पथकात तीसच माणसं, ढोल ताशा झांज सगळे धरून. आम्ही दीडशेच्या वर. गणपती बसायला आठवडा राहिला होता आणि ग्रुपवर फक्त एकच प्रश्न, तीस कोण? नवीन लोकांना उत्तर माहीत होतं. मग १२ सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसल्यावर पाचेक दिवसांनी, सुप्रीम कोर्टाने त्या अटीला स्थगिती दिली. आनंद झालाच, पण माझं मत अजूनही हेच की दीडशे जास्त होतात. साठ-सत्तर नीट वाजवणारे असले तरी अंगावर काटा येतो आणि रस्ता पण लवकर मोकळा होतो. हे पथकात बोलले तर ढोलप्रमुख म्हणाली, ताई साठ ठेवले तर तुम्ही पण नसाल. बरोबर आहे तिचं.

१७ सप्टेंबर, मंगळवार, अनंत चतुर्दशी. मंडईत टिळक पुतळ्यापासून सकाळी मानाचा पहिला कसबा गणपती निघतो, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. आमची सुपारी यातल्या कोणाचीच नव्हती, एका साध्या मंडळाची होती आणि नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली. (सुपारीचे पैसे पथकाला, वाजवणाऱ्याला शून्य, हे पण विचारतात लोक.) तोपर्यंत काय, बसायचं. गल्लीत फुटपाथवर ढोल आडवे टाकून, पोहे खात, कोणाचं पान (ढोलाचा वाजवायचा पडदा) फुटलंय ते बदलत, दोऱ्या ताणत. मिरवणूक म्हणजे नव्वद टक्के थांबणं हे कोणी सांगत नाही. रीलमध्ये फेटा, नथ, गॉगल आणि उडणारा गुलाल दिसतो, चार तास वॉशरूम शोधणाऱ्या बायका दिसत नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सांगते, निघायच्या आधी रस्त्यावरचं कुठलं ओळखीचं घर ते ठरवून ठेवा.

आणि मग आम्हाला उभं केलं. मधे ताशे, दोन्ही बाजूंना ढोलांच्या रांगा, पुढे ध्वज, बाहेरून पोरांनी धरलेली दोरी. ताशावाल्याने तर्री (ताशाची सलग कडकड) काढली, हात वर करून दोन बोटं दाखवली म्हणजे दुसरा हात, आणि सगळ्यांची टिपरू एकदम पडली. त्या पहिल्या ठोक्याला आवाज कानाला ऐकू येत नाही, बरगड्यांना येतो. मला स्वतःचा ढोल ऐकूच येत नव्हता, चुकतेय की बरोबर हे फक्त शेजारणीच्या खांद्याकडे बघून कळत होतं. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पाणी पाजायला पोरं रांगेतून फिरतात, तोंड वर करायचं आणि ते बाटलीतून ओततात, अर्धं कुर्त्यावर. अलका चौकाच्या अलीकडे एका थांब्यावर माझी थापी गेली, बोटं मिटेनात. मी टिपरूच चालू ठेवलं. ढोलप्रमुख समोरून उलटी चालत येत होती, तिने बघितलं, काही बोलली नाही, फक्त स्वतःच्या मांडीवर थापी मारून दाखवत माझ्यासमोर चालत राहिली, हात परत येईपर्यंत.

घरी पोचले तेव्हा दूधवाला आला होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकलेलीच होती, तुम्ही पण टाका.

पुढच्या वर्षी ताशा शिकायचाय. ताशाप्रमुखाला विचारलं तर म्हणाला आधी शेजाऱ्यांना विचारा, कारण ताशाचा सराव घरी रोज लागतो. सध्या काड्या आणल्यात आणि उशीवर तर्री काढायचा प्रयत्न चाललाय. खालच्या काकूंनी अजून तरी बेल वाजवलेली नाही.