मनगट मोडलं त्याची गोष्ट

जुलैचा पाऊस, परसदारची शेवाळलेली पायरी आणि माझी घाई. पाय सटकला, उजवा हात टेकला. उठून पाहते तर मनगटाचा आकार जेवणाच्या काट्यासारखा वाकडा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हाडवैद्याकडे चल, चोळून बसवतो." ह्यांनी मात्र सरळ रिक्षा बोलावली, ते बरं झालं. वाटेत बोट सुजायला लागलं, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनी आधी साबण लावून अंगठी काढली.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "कोलिस फ्रॅक्चर." म्हणजे मनगटाजवळ हाताचं हाड मोडून मागच्या बाजूला सरकलेलं. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली, एक्स-रे निघायच्या ऐंशी वर्षं आधी, नुसता हात पाहून याचं वर्णन केलं होतं म्हणे. माझं नशीब, तुकडे फार झाले नव्हते, त्यामुळे प्लेट-स्क्रू टळले. सुईने जागा बधिर केली, एकाने कोपर धरलं, दुसऱ्याने बोटं ओढली. कट्‌! ओलं प्लॅस्टर गुंडाळल्यावर ते आपोआप गरम होतं, हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते.

पहिले दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर रात्री-अपरात्रीही या, अशी ताकीद होती.

तिसऱ्या आठवड्यात एक्स-रेत भेग तशीच! मी रडकुंडीला. डॉक्टर हसले. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग तिथे कूर्चेसारखा मऊ जोड धरतो. त्यात कॅल्शियम भरेपर्यंत तो फोटोत दिसत नाही. पुढे तो टणक होतो आणि त्याला मूळचा घाट यायला महिने, कधी वर्षंही जातात. प्लॅस्टर हाड जोडत नाही, फक्त हलू देत नाही. जोडणारं हाडच.

माझी चूक इथेच झाली. हलवायचं नाही म्हणून मी बोटंही हलवली नाहीत! मुठी मिटा-उघडा, खांदा फिरवा असं कागदावर लिहून दिलं होतं; कागद फ्रिजवर लावला आणि विसरले.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापलं. करवत नुसती थरथरते, कातडी कापत नाही, तरी मी डोळे मिटले होते. आतला हात वाळकी काठी, वर खपल्या. हाड जुळलं होतं, पण मूठ वळेना. गरम पाण्यात स्पंज पिळणं, नमस्कार करून कोपरं वर उचलणं, सगळं फिजिओथेरपीत शिकले. पन्नाशी उलटल्यावर साध्या पडण्याने हाड मोडलं म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणीही करवली. हाडं विरळ निघाली, त्याची गोळी चालू आहे.

सर्वांत उशिरा आलं ते तळहात वर वळवणं. गणपतीत गुरुजींनी तीर्थाची पळी पुढे केली आणि माझी ओंजळ तिरकीच. तीर्थ साडीवर. दिवाळीपर्यंत हात वळायला लागला. चकलीचा सोऱ्या मात्र अजून सूनच फिरवते.