साखर कारखाना रद्द

रविवार, रात्री उशिरा

माझ्या मॉडेल रेल्वेच्या आराखड्यातल्या साखर कारखान्यावर आज काट मारली. घरात सगळ्यांना तोच हवा होता. भाचा तर म्हणाला, "मामा, निदान चिमणी तरी ठेव!" पण फूटपट्टी घेऊन बसलो आणि उत्साह मावळला. साठ मीटर लांबीची इमारत १:८७ मापात सत्तर सेंटिमीटर होते. माझी फळी आठ फूट बाय दोन. शिवाय ऊस येणार बैलगाड्यांनी, आणि हंगाम संपला की साइडिंग (माल चढवा-उतरवायचा बाजूचा रूळ) रिकामं.

लेआउट (फळीवरचा हा रेल्वेचा देखावा) बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचा, काळ साधारण १९६०-६५. कंपनी १९५४ सालीच सरकारकडे गेली, पण लोकांच्या तोंडी बार्शी लाइटच. गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, त्यामुळे एन स्केल या आणखी लहान मापाच्या मॉडेलांचे तयार ९ मिलिमीटरचे रूळ बिनबोभाट चालतात. ही लाइन उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या मालवाघिणी पंचवीस फुटी, मापात जेमतेम नऊ सेंटिमीटर. इंजिन आणि तीन-चार वाघिणी अर्ध्या मीटरच्या आसपास मावतात. आजची ५८ बॉक्सएन वाघिणींची ब्रॉडगेज मालगाडी घेतली असती तर सात मीटर लागले असते, म्हणजे गाडीचं तोंड हॉलमध्ये आणि शेपूट शेजाऱ्यांकडे.

मग रेल्वेला माल देणारं गिऱ्हाईक कोण? इमारत कशी दिसते हे आता मी बघतच नाही. काय आत येतं, काय बाहेर जातं आणि कुठल्या वाघिणीतून, एवढंच विचारतो. या हिशेबात जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) पहिलं आलं. कापूस गाडीवाटेनं येतो, तो रेल्वेचा नाही. त्याच्यासाठी फक्त बैलगाड्या उभ्या राहतील एवढं मोकळं आवार हवं. बॉयलरचा कोळसा मात्र उघड्या वाघिणीतून येणार आणि ती रिकामी परत जाणार. रुईच्या गाठी बंद वाघिणीतून बाहेर. सरकी पलीकडच्या तेलगिरणीला, तिथून तेलाचे डबे आणि पेंडीची पोती. बॉयलर म्हटला की चिमणी आलीच, भाच्याचंही समाधान झालं.

पण खरा धंदा कुर्डुवाडी जंक्शनचा, जिथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज भेटायचे. ब्रॉडगेजचा माल उतरवायचा, नॅरोगेजच्या वाघिणीत भरायचा, किंवा उलट. सगळं हमालांच्या पाठीवर. तिथल्या मालधक्क्याला कुठलीही वाघीण लागू शकते: मीठ, सिमेंट, कापड, गाठी, काहीही. एका अरुंद शेडमागे सगळा देश उभा करता येतो, आणि जागा लागते वीतभर. (ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर मापात १९.२६ व्हायला हवेत, मी बाजारातले १६.५ चे रूळ वापरणार. शेजारी ९ असले की फरक पुरेसा दिसतो. काटेकोर मंडळींनी डोळे मिटावेत.)

प्लायवर पेन्सिलीनं शेड आखली. तेलगिरणीची फक्त दर्शनी भिंत, मागच्या पडद्याला चिकटवून. जिनिंगकडे रूळ फुटतो तो सांधा मुद्दाम उलट्या दिशेनं ठेवलाय, म्हणजे इंजिनाला लूपमधून (बाजूच्या समांतर रुळावरून) वळसा घालून वाघिणींच्या मागे यावं लागेल. लूप तीन वाघिणींची की चारची यावर बराच वेळ घासाघीस केली. तीनचीच ठेवतोय. चारची गाडी आली तर एक वाघीण आधी धक्क्याला लावून ठेवावी लागेल, शंटिंग वाढेल. वाढू दे.